टेस्टर आता कुठे बसतो?

१९५१ साली विक्रोळीच्या गोदरेज कारखान्याकडे मतपेट्यांची ऑर्डर आली. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक तोंडावर होती. मतदार सतरा कोटींच्या वर आणि त्यातले बहुतेक निरक्षर. म्हणून प्रत्येक उमेदवाराची, त्याचं चिन्ह लावलेली वेगळी पेटी ठेवायची आणि मतदाराने आपल्या पसंतीच्या पेटीत मतपत्रिका टाकायची, अशी पद्धत ठरली. साहजिकच पेट्या प्रचंड लागणार होत्या. एकट्या विक्रोळीतून बारा लाखांहून अधिक पेट्या गेल्या. काम भरात असताना दिवसाला पंधरा हजारांच्या आसपास पेट्या तयार होत होत्या. किंमत नगाला साधारण पाच रुपये.

या पाच रुपयांत कुलूप बसेना. गोदरेजचा मूळ धंदा कुलपांचा, १८९७ पासूनचा. चांगलं कुलूप कसं असतं हे सांगायला त्यांना बाहेरचा माणूस नको होता. पण प्रत्येक पेटीला बाहेरून वेगळं कुलूप लावलं की हिशेब कोलमडत होता. तेव्हा शॉपफ्लोअरवरच्या नाथालाल पांचाळ नावाच्या कामगाराने पेटीच्या आतच बसणारी कळ सुचवली. बाहेरचं कुलूप गेलं, खर्च आटोक्यात आला आणि पेटी बंद झाल्यावर सहजासहजी उघडता येईना.

मला या हकिकतीत रस आहे तो वेगळ्या कारणासाठी. मतपेटीच्या दर्जाबद्दलचा सगळ्यात मोठा प्रश्न ज्याने सोडवला, त्याच्या हुद्द्यात दर्जा, तपासणी, निरीक्षण असलं काही नव्हतं. आणि तो प्रश्न पेट्यांचे ढीग लागल्यावर नव्हे, त्याआधीच सुटला. समजा, ती कळ सदोष असती आणि हजारातली एक पेटी बिघडलेली निघाली असती. म्हणजे बाराशे पेट्या. त्यातली कुठली आसामात जाणार आणि कुठली चांद्याच्या जंगलात, हे दिवसाला पंधरा हजार नगांवरून हात फिरवणारा तपासनीस कसा सांगणार? त्याने फार तर खराब माल बाजूला काढला असता. माल खराब निघूच नये ही गोष्ट त्याच्या हातात नव्हती.

कारखानदारीत हा विचार नंतर चांगला रुळला. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग १९५० मध्ये जपानी उद्योगपतींपुढे व्याख्यानं देत होता. त्याच्या पुढे गाजलेल्या चौदा सूत्रांत एक सूत्र असं आहे की दर्जासाठी तपासणीवर विसंबणं थांबवा, माल बनवतानाच दर्जा त्यात घाला. जपानी मोटार कंपन्यांनी ते मनावर घेतलं आणि त्याचे परिणाम जगाने पाहिले. सॉफ्टवेअरवाल्यांना मात्र हे पटायला आणखी पाच दशकं लागली. तोवर त्यांनी शेवटच्या तपासणीचा एक स्वतंत्र उद्योगच उभा केला होता, आणि त्या उद्योगातली बरीच मंडळी रोज सकाळी विक्रोळीला उतरत होती.

पिरोजशानगर हे गोदरेजचं आवार पूर्व द्रुतगती मार्गापासून लालबहादूर शास्त्री मार्गापर्यंत पसरलेलं आहे. एका बाजूला खारफुटी, मधून रेल्वे, आणि एल.बी.एस.च्या बाजूला कारखान्यांच्या शेजारी आयटी पार्क. इस्रोच्या अग्निबाणांना लागणारं विकास इंजिनही याच आवारात तयार होतं, हे विक्रोळीकरांनाही कधीकधी बातमी वाचूनच कळतं. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या या पट्ट्यातल्या गिरण्या-कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या आणि त्यात मोठमोठ्या आयटी सेवा कंपन्या आल्या. डोंबिवली, कल्याण, बदलापूर, मुलुंडकडून येणाऱ्या लोकलमधून गळ्यात ओळखपत्राची पट्टी अडकवलेली तरुण मुलं-मुली उतरू लागली. त्यातल्या अनेकांचं पहिलं पद होतं टेस्टर.

त्या काळचा टेस्टिंगचा मजला ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो आठवत असेल. डेव्हलपर एका मजल्यावर आणि टेस्टर दुसऱ्या. कधी दुसऱ्या इमारतीत, कधी तर दुसऱ्याच कंपनीत. ब्रिटनमधली एखादी बँक सॉफ्टवेअर लिहायचं कंत्राट एका कंपनीला द्यायची आणि तपासायचं दुसरीला, म्हणजे दोघांची मिलीभगत नको. डेव्हलपर महिनोन्महिने कोड लिहायचे, मग तो 'बिल्ड' टेस्टरकडे यायचा. टेस्टरकडे एक्सेलमध्ये हजारेक टेस्ट केस तयार असायच्या: ही पायरी, हा डेटा, अपेक्षित काय, मिळालं काय. पास असेल तर हिरवा रंग, फेल असेल तर लाल. बग सापडला की तो सिस्टिममध्ये नोंदवायचा आणि मग सुरू व्हायची टोलवाटोलवी.

"अगं, माझ्या मशीनवर चालतंय."

"ग्राहक तुझ्या मशीनवर बसणारेय का?"

डेव्हलपर तो बग 'नॉट रिप्रोड्यूसिबल' म्हणून परत पाठवणार, टेस्टर स्क्रीनचा फोटो जोडून पुन्हा उघडणार, मग डेव्हलपर म्हणणार की स्पेकमध्ये असं लिहिलेलंच नव्हतं. हे सगळं चालू असताना रिलीजची तारीख मात्र जागची हलत नाही. डेव्हलपमेंटला उशीर झाला की तो टेस्टिंगच्या दिवसांतून वसूल व्हायचा. शेवटी शुक्रवारी रात्री मॅनेजर टेस्ट लीडला विचारणार, "साइन-ऑफ देतेस ना?" तिने दिला आणि सोमवारी काही फुटलं, तर पहिला प्रश्न तिलाच: टेस्टिंगमध्ये हे कसं सुटलं? कोड लिहिणाऱ्याला हा प्रश्न क्वचितच विचारला जायचा. या व्यवस्थेतला खरा अन्याय मला इथे वाटतो. दोष घातला एकाने, तारीख ठरवली दुसऱ्याने, आणि जाब तिसरीला.

पण ही व्यवस्था मूर्खपणातून जन्मली नव्हती, हेही सांगायला हवं. ग्लेनफर्ड मायर्सच्या १९७९ च्या टेस्टिंगवरच्या पुस्तकाने एका पिढीला शिकवलं की चूक शोधण्याच्या इराद्याने प्रोग्रॅम चालवणं म्हणजे टेस्टिंग, आणि आपल्याच प्रोग्रॅमच्या चुका शोधायला माणूस सहसा धजत नाही. स्वतः लिहिलेल्या मजकुरातली शुद्धलेखनाची चूक डोळ्यांसमोरून निसटते, हे लेखकांना वेगळं सांगायला नको. वेगळा टेस्टर हवा तो म्हणून.

मोडलं ते वेळापत्रक. २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात सतरा जणांनी ॲजाइलचा, म्हणजे छोट्या तुकड्यांत सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धतीचा, जाहीरनामा लिहिला आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत कामाचा तुकडा वर्षावरून दोन आठवड्यांच्या स्प्रिंटवर आला. मग कोड आपोआप जुळवून तपासणारी साधनं आली. ब्राउझर आपोआप चालवणारं सेलेनियम २००४ मध्ये थॉटवर्क्स कंपनीत जन्माला आलं. दिवसातून चार वेळा रिलीज करणाऱ्या टीमला 'आता पंधरा दिवस टेस्टिंग' असं म्हणताच येत नाही. मायक्रोसॉफ्टने २०१४ च्या सुमारास बऱ्याच विभागांत डेव्हलपर आणि टेस्ट इंजिनिअर ही दोन पदं एकत्र केली. याहूने तर दर्जा तपासणारी वेगळी क्यूए टीमच काढून टाकली आणि त्याचा फायदा झाला असं जाहीरपणे सांगितलं. लिसा क्रिस्पिन आणि जॅनेट ग्रेगरी यांनी २००९ च्या आपल्या पुस्तकात 'दर्जा ही अख्ख्या टीमची जबाबदारी' हा विचार मांडला होता. तो हळूहळू मुंबई-पुण्याच्या टीमपर्यंत पोचला. टेस्टरची खुर्ची उचलून डेव्हलपरच्या शेजारी ठेवली गेली.

खुर्ची हलल्याने नेमकं काय बदलतं, हे विक्रोळी स्टेशनावरच बघता येईल. मुंबईच्या उपनगरी गाड्यांचं तिकीट मोबाइलवर काढण्याची सोय रेल्वेच्या यूटीएस ॲपमधून डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झाली. पुढे त्यात एक अट आली: रुळांपासून काही मीटर अंतराच्या आत असताना तिकीट निघणार नाही. कारण उघड आहे. ती अट नसती तर लोक फुकट गाडीत चढले असते आणि टीसी दिसला की खिशातून फोन काढला असता. ते ॲप बनवणाऱ्यांच्या बैठकीत मी नव्हतो. पण समजा, 'रुळांपासून वीस मीटरच्या आत तिकीट नको' एवढं एक वाक्य घेऊन प्रॉडक्ट ओनर आला, तर टीममध्ये काय व्हायला हवं, ते पाहू.

जुन्या पद्धतीत हे वाक्य डेव्हलपरकडे जाईल, तो दोन बिंदूंमधलं अंतर काढणारा कोड लिहील, आणि तीन आठवड्यांनी टेस्टर खोट्या जीपीएसचे आकडे टाकून बघेल की एकोणीस मीटरवर नाही निघालं, एकवीसवर निघालं. पास. हिरवा रंग.

नव्या पद्धतीत कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी तिघं एकत्र बसतात: काय हवं हे ठरवणारा, ते बनवणारा आणि 'असं झालं तर?' विचारणारी. ती विचारते: रुळांना लागून ज्यांची घरं आहेत, रेल्वे क्वार्टर्स आहेत, त्यांनी घरात बसून तिकीट काढायचंच नाही का? पादचारी पुलावर पत्र्याखाली उभं राहिलं की फोनचं जीपीएस भरकटतं, तिथे काय? फोन कधीकधी मघाची जागा दाखवतो. घरून निघताना नकाशा उघडला होता, आता माणूस फलाटावर आहे आणि फोन अजून म्हणतोय कन्नमवार नगर. तेव्हा तिकीट द्यायचं की नाही? अँड्रॉइडमध्ये खोटी जागा दाखवणारी ॲप मिळतात, ती चालू असतील तर? पैसे कापले गेले पण तिकीट आलं नाही आणि आठ-बाराची लोकल समोर लागली, तर प्रवाशाने चढायचं की नाही? तिकीट काढलं आणि कुर्ल्याला बॅटरी संपली, मग टीसीला काय दाखवायचं?

डेव्हलपर यातल्या एका प्रश्नावर थबकतो. फोन जागेबरोबर अचूकतेचा अंदाजही सांगतो, 'मी इथे आहे, चाळीस मीटर इकडे-तिकडे.' वीस मीटरची अट तपासताना चाळीस मीटरची चूक असेल तर प्रवाशाला संशयाचा फायदा द्यायचा की नाकारायचं? हा प्रश्न तंत्राचा राहिलाच नाही. एका बाजूला रेल्वेचा बुडणारा महसूल, दुसऱ्या बाजूला प्रामाणिक माणसाची चुकलेली गाडी. निर्णय प्रॉडक्ट ओनरने, खरं तर रेल्वेनेच घ्यायला हवा. बैठकीत तो प्रश्न निघाला तर त्याची किंमत अर्धा तास चर्चा. रिलीजच्या आदल्या आठवड्यात निघाला तर तो 'डिफेक्ट' ठरणार, त्यावरून भांडण होणार, आणि शेवटी 'पुढच्या व्हर्जनमध्ये बघू' असा शेरा मिळणार.

मग कामं वाटली जातात. अंतराचं गणित बरोबर आहे ना, याच्या छोट्या चाचण्या डेव्हलपर स्वतः लिहितो आणि कोडबरोबरच ठेवतो. कोणी तो कोड बदलला की त्या आपोआप चालतात. पैसे कापणे आणि परत करणे याच्या चाचण्या दोघं मिळून ऑटोमेट करतात. टेस्टर दोन फोन घेऊन, त्यातला एक मुद्दाम स्वस्तातला आणि जुना, सकाळच्या गर्दीत फलाटावर जाऊन उभी राहते. तिथे तिला दिसतं की उन्हात स्क्रीन वाचता येत नाही, आणि एका हाताने दांडा धरलेल्या माणसाचा अंगठा 'पुढे' या बटणापर्यंत पोचत नाही. हे कुठल्याही एक्सेलमध्ये नव्हतं.

यूटीएसच्या बाबतीत पुढे घडलेली गोष्ट फार बोलकी आहे. स्टेशनात शिरलेल्यांचीही सोय व्हावी म्हणून स्टेशनांवर क्यूआर कोड लावले गेले. तो स्कॅन केला की अंतराची अट न पाळता तिकीट निघायचं. लोकांनी त्या कोडचे फोटो काढून फोनमध्ये ठेवले, एकमेकांना पाठवले, आणि गाडीत टीसी दिसला की तो फोटो स्कॅन करून तिकीट काढू लागले. मूळ अट ज्या चलाखीसाठी घातली होती तीच चलाखी मागच्या दाराने आत आली आणि रेल्वेला त्यावर नव्याने उपाय शोधावे लागले. सॉफ्टवेअर मात्र एकदाही चुकलं नव्हतं. कोड स्कॅन झाला, तिकीट निघालं, सगळ्या चाचण्या हिरव्या. मुंबईकर काय करेल याचा अंदाज बांधणारं माणूस टीममध्ये असणं, आणि त्याच्या शंकेला वेळेवर कान मिळणं, यावर पुष्कळ काही अवलंबून असतं.

यंत्राने करायची पडताळणी आणि माणसाने करायचं टेस्टिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कॅनडातला टेस्टर मायकेल बोल्टन २००९ पासून सांगत आला आहे. ठरलेल्या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर येतंय ना, हे यंत्राने बघावं आणि रात्रंदिवस बघावं. कुठला प्रश्न विचारायचा राहिला, हे यंत्र सांगत नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका अपडेटने जगभरचे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले. आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले आणि लोकांनी हौसेने त्यांचे फोटो काढले. कंपनीने नंतर जे कारण जाहीर केलं ते वाचताना कुठल्याही टेस्टरच्या पोटात खड्डा पडेल. एका ठिकाणी माहितीचे २१ रकाने अपेक्षित होते आणि पुरवले जात होते २०. चाचण्या झाल्या होत्या, पण त्या चाचण्यांत एकविसाव्या रकान्यात 'काहीही चालेल' अशी खूण होती. त्यामुळे तो रकाना मुळात आहे की नाही, हे तपासायची वेळच आली नाही. त्या दिवशीच्या अपडेटने पहिल्यांदाच एकविसावा रकाना खरोखर मागितला. शिवाय अपडेट आधी थोड्या संगणकांवर सोडून बघायचं, ही पायरीही नव्हती. चाचण्या लिहिणारे, मंजूर करणारे, सोडणारे असे सगळे आपापल्या जागी होते. 'काहीही चालेल' म्हणजे नेमकं काय, हे कोणी विचारलं नव्हतं.

'भागीचे घोडे किवणाने मेले' ही म्हण आपल्याकडे उगाच आलेली नाही. दर्जा सगळ्यांचा असं जाहीर करून टेस्टर काढून टाकलेल्या टीममध्ये पहिले काही महिने उत्साह असतो. डेव्हलपर चाचण्या लिहितात, एकमेकांचा कोड वाचतात. मग तारीख जवळ येते, आणि जी गोष्ट कोणाच्याच नावावर नाही ती आधी सुटते. मला वाटतं, सामायिक जबाबदारीचा अर्थ नीट लावला तर उलट प्रत्येकाच्या नावावर नेमकं काय आहे हे जास्त स्पष्ट लिहावं लागतं. डेव्हलपरने चाचणीविना कोड पुढे ढकलायचा नाही, प्रॉडक्ट ओनरने संदिग्ध वाक्य देऊन निघून जायचं नाही, ऑपरेशन्सवाल्यांनी रात्री काय तुटलं ते सकाळी टीमला सांगायचं. आणि टेस्टरने यातली कुठली कडी कच्ची आहे हे बघत राहायचं. फाटकावर उभं राहून गाड्या अडवण्यापेक्षा हे काम अवघड आहे, कारण इथे हातात साइन-ऑफची सत्ता नाही. बोलून पटवावं लागतं.

मुंबईत या बदलाला दोन अडथळे आहेत, आणि अमेरिकन पुस्तकांत ते फारसे सापडत नाहीत.

पहिला बँकांचा. मुंबईच्या आयटीचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे बँका, विमा कंपन्या, दलाल. बँकेत काम केलेल्या कोणालाही मेकर-चेकर ठाऊक असतो. एंट्री करणाऱ्याने ती पास करायची नाही. पास करणारा दुसराच. हा नियम वर्षानुवर्षांच्या अफरातफरींतून शिकलेला आहे आणि रिझर्व्ह बँक तो सैल होऊ देत नाही. ७ नोव्हेंबर २०२३ ला काढलेल्या आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयटी कारभाराच्या निर्देशांतही कर्तव्यांची फारकत आहेच. 'डेव्हलपरच स्वतःचा कोड तपासतो' असं ऑडिटरला सांगितलं की त्याच्या भुवया वर जाणार. शिवाय चूक झाली की मागे घेऊ, हे सोशल मीडियाच्या ॲपला परवडतं. एक टक्का लोकांना नवं बटण दाखवायचं, नाही आवडलं तर काढायचं. ३१ मार्चच्या रात्री लाखो खात्यांवर चुकीचं व्याज पडलं तर ते 'एक टक्क्याला दाखवून बघू' या न्यायाने सुधारत नाही. म्हणून मी मायक्रोसॉफ्ट-याहूची उदाहरणं डोळे मिटून घ्यायला तयार नाही. बँकेत खुर्च्या शेजारी आणाव्यात, पण शेवटची मंजुरी वेगळ्या हाती राहू द्यावी, हेच शहाणपणाचं.

दुसरा अडथळा कंत्राटाचा. सेवा कंपनीची कमाई माणशी बिलातून होते. कंत्राटात 'टेस्टिंग: इतकी माणसं' अशी वेगळी ओळ असते, तिचा वेगळा दर असतो, वेगळा डिलिव्हरी मॅनेजर असतो, आणि वर्षाअखेरीस त्याचं टार्गेट असतं. टीम सकाळी स्टँडअपला एकत्र उभी राहते खरी, पण त्यातले पाच जण एका कंपनीचे, तीन दुसरीचे, दोन ग्राहकाचे. टेस्टरने आरंभीच्या बैठकीत बसून दहा बग जन्मालाच येऊ दिले नाहीत, तर तिच्या कंपनीच्या मासिक अहवालात 'सापडलेले डिफेक्ट' हा आकडा खाली येतो. मग ग्राहकाचा खरेदी विभाग विचारतो की बगच सापडत नाहीत, तर एवढी माणसं कशाला? चांगलं काम केल्याची ही शिक्षा. काही ग्राहकांनी आता माणशी दराऐवजी निकालावर पैसे द्यायला सुरुवात केली आहे, पण जुनी कंत्राटं मरायला वेळ लागतो.

यात भरडली गेली ती हाताने टेस्टिंग करणारी, मॅन्युअलवाली पिढी. बी.एस्सी., बी.सी.ए., डिप्लोमा करून, ठाणे-दादरच्या एखाद्या क्लासमध्ये टेस्टिंगचा कोर्स केलेली, आयएसटीक्यूबी या टेस्टिंगच्या प्रमाणपत्राची परीक्षा दिलेली माणसं. त्यात मुली बऱ्याच. घरच्यांना टेस्टिंग हे 'बरं, ठरावीक वेळेचं' काम वाटायचं (रिलीजच्या रात्री मजल्यावर थांबलेल्या मुलींनी यावर काय म्हटलं असेल ते वेगळं). त्यांना अचानक सांगण्यात आलं की जावा शिका, पायथन शिका, ऑटोमेशनला या, नाहीतर बेंचवर, म्हणजे प्रकल्पाविना, बसा. अनेक जणी शिकल्या. पण या धावपळीत एक चूक सर्रास झाली, आणि ती मॅनेजरांची होती. दहा वर्षं विमा दाव्यांचं टेस्टिंग केलेल्या बाईला दाव्याची कुठली फाइल कुठे अडकते, कुठला एजंट कुठली पळवाट वापरतो, हे तोंडपाठ असतं. तिच्याकडून मध्यम दर्जाची ऑटोमेशन इंजिनिअर घडवली गेली आणि ते पाठांतर वाया गेलं. ज्या टीमने तिला कोडऐवजी आरंभीच्या बैठकीत बसवलं, किंवा थेट बिझनेस ॲनालिस्ट केलं, तिथे तिची किंमत वाढली. आता कोड लिहिणारे एआय सहायक आल्यावर तर हे आणखी खरं झालं आहे. कोड भराभर तयार होतो आणि तो दिसतोही बरोबर. दिसायला बरोबर असलेल्या गोष्टीवर शंका घेणारी माणसं त्यामुळे कमी नव्हे, जास्त लागणार आहेत.

मोजायचं कसं, हा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. निकोल फोर्सग्रेन, जेझ हंबल आणि जीन किम यांच्या २०१८ मधल्या 'ॲक्सिलरेट' या पुस्तकापासून चार मापं रूढ झाली. रिलीज किती वेळा होतो, बदल लिहिल्यापासून लोकांपर्यंत पोचायला किती वेळ लागतो, किती बदल फसतात, आणि फसल्यावर गाडी रुळावर यायला किती वेळ जातो. मापं चांगली आहेत, पण ती टीमची आहेत. आपल्याकडे अप्रेझल होतं एकेका माणसाचं, तेही बेल कर्व्हवर, म्हणजे कोणीतरी खालच्या टोकाला जायलाच हवं. मग टेस्टर म्हणते की मी आता बग तरी मोजून दाखवू का? यावर काही टीम लीडनी एक साधा मार्ग काढला आहे. बैठकीत टेस्टरने विचारलेला प्रश्न आणि त्यामुळे बदललेली अट त्या कामाच्या जिरा तिकिटावर, म्हणजे टीमची कामं नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या नोंदीवर, तिच्या नावाने तिथल्या तिथे लिहायची. मार्च-एप्रिलमध्ये फॉर्म भरताना ती तिकिटं उघडून दाखवता येतात. दर स्प्रिंटला दहा मिनिटं जातात, आणि काही डेव्हलपर सुरुवातीला कुरकुरतात, कारण प्रश्न तर त्यांनीही विचारलेले असतात. मग त्यांचीही नावं लिहायला घेतात.